रोरोंगकोंगचा दहावा अल्बम

१

गुरुवारी दुपारी बांदुंगच्या उजुंगबरुंग भागातल्या त्या गल्लीतून कुणी नवखा माणूस गेला, तर त्याला वाटावं की वरच्या मजल्यावर रेडा जिवंत सोलताहेत. गल्लीतल्या लोकांना त्यावरून फक्त वार कळायचा. खाली एमा इचोहचा ताहूचा, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचा, कारखाना होता. सोयाबीनच्या दुधाच्या वाफेनं त्याच्या भिंती बारा महिने ओल्या असत. लाकडी जिना चढून वर गेलं की ती खोली, जिच्यात रोरोंगकोंग नावाचा बँड तीस वर्षं मरणाची गाणी वाजवत आला होता.

रोरोंगकोंग म्हणजे हाडांचा सापळा. नाव ठेवलं तेव्हा चौघंही खरोखरच सापळे होते. आता पोटं सुटली होती, गुडघे कुरकुरत होते आणि गाणाऱ्या नंदांगला डरकाळी फोडण्याआधी चष्मा काढून ठेवावा लागे. तरी नऊ अल्बम झाले होते. पहिला ‘सडलेला सूर्य’ त्यांनी जुन्या डांगडुट नाचगाण्यांच्या कॅसेटवर भरला, कारण कोऱ्या कॅसेट परवडत नव्हत्या. त्यामुळे बाजू संपत आली की कबरीतल्या किड्यांच्या मागून एक बाई मुरके घेत प्रियकराला बोलवायची. लोकांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या अल्बमला ती बाई नाही म्हणून तक्रारी आल्या. चौथा अल्बम गिटारवाल्या यायानच्या लग्नामुळे लांबला. सहावा यायानच्या दुसऱ्या लग्नामुळे लांबला. सातव्याचं नाव ‘आतड्यांचा उत्सव’, आणि तो नंदांगनं आपल्या सासऱ्यांना अर्पण केला होता.

एंगकुस बास वाजवायचा. डेथ मेटलमध्ये बास कुणाला ऐकू येत नाही, ही जुनीच गोष्ट. गिटार आणि ड्रम मिळून सगळी जागा खातात. एकदा मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमात पहिल्याच गाण्याला एंगकुसची वायर निसटली. तो तासभर घाम गाळत मान हलवत वाजवत राहिला, आणि वायर पायाशी पडलेली आहे हे सामान आवरताना कळलं. हा किस्सा ड्रमवाला ओदिंग प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक मयताला सांगायचा.

खोली देताना एमा इचोहनं एकच अट घातली होती. अजान सुरू झाली की हात थांबले पाहिजेत, गाणं कुठंही असलं तरी. “सैतानाची नक्कल करा, पण देवाचं बोलावणं आलं की गप्प बसा,” असं तिनं सांगितलं होतं. तीस वर्षांत ही अट मोडली नव्हती. मशिदीतून अजान देणाऱ्या उयात मामाचा आवाज आला की ओदिंगच्या काठ्या हवेतच थांबत. मग चौघं खाली जात, नमाज पढत, बाकावर बसून गरम ताहू आणि मिरचीचा ठेचा खात आणि दम खाऊन वर येत. वर येताच ओदिंग भिंतीवरच्या झांजेपुढे उभा राहून केस विंचरी. पहिल्या अल्बमच्या वेळी तडकलेली ती पितळी झांज एमानं घासूनपुसून आरशाच्या जागी टांगली होती. कमरेपर्यंतचे ते काळेभोर केस ओदिंगचा जीव की प्राण होते.

दहावा अल्बम पहिल्यासारखाच करायचा, हे त्यानंच ठरवलं. याच खोलीत, छताला एकच माइक टांगून, जुन्या टेपवर. टेपची बटणं दाबायचं काम एंगकुसकडे आलं.

“निदान त्या निमित्तानं तरी तुझं काहीतरी अल्बमवर येईल,” नंदांग म्हणाला.

२

चूक झाली ती त्या बटणाचीच. असरची, तिसऱ्या प्रहरची अजान सुरू झाली, चौघं उठले आणि एंगकुस टेप बंद करायला विसरला. वर आल्यावर पाहिलं तर कॅसेट शेवटपर्यंत फिरून थांबलेली होती. त्यानं ती हळूच खिशात घातली. ओदिंगला सांगितलं असतं तर आणखी एक किस्सा तयार झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात टी-शर्टांवर बँडांची नावं छापताना त्यानं ती वॉकमनमध्ये घालून कानाला लावली. त्याचं दुकान याच धंद्याचं. अर्ध्या बांदुंगच्या छातीवर त्यानं कवट्या छापल्या होत्या. चौथं गाणं मध्येच तुटलं. उयात मामाचा आवाज आला. चपला वाजल्या, जिना करकरला, नंदांग कशावर तरी हसला. अजान पूर्ण झाली. मग खालच्या कढईची रटरट आणि खिडकीतली चिमणी. एंगकुस छपाईची पुढची चौकट उचलायला वाकला.

तेवढ्यात कानात कुणीतरी खोकलं. मग काठ्यांचे चार ठोके पडले, आणि गाणं सुरू झालं.

तो वाकलेलाच राहिला. गिटार यायानची होती, यात शंका नव्हती. त्या माणसाची सूर खरवडायची पद्धत त्याच्या दोन्ही बायकांना झोपेत ओळखू आली असती. डरकाळी नंदांगची, ड्रम ओदिंगचे. गाणं मात्र त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं.

टेप फिरत होती त्या वेळी तर ते तिघं खाली त्याच्या शेजारी बाकावर होते. ओदिंग कुणाच्यातरी पळालेल्या बोकडाची थाप मारत होता आणि यायान तिसऱ्या ताहूवर हात मारत होता. एंगकुसनं शाईचा हात टी-शर्टला पुसला, नेमका गिऱ्हाइकाच्या.

मग त्याच्या मनानं समजूत काढली. कॅसेट जुनी असणार. खाली काहीतरी आधी भरलेलं असेल, ते वर आलं. ती मुरके घेणारी बाई नाही का आली होती? एखादी विसरलेली तालीम असेल. तीस वर्षांत काय काय वाजवलं, ते कुणाच्या लक्षात राहतं? ही समजूत चांगली होती आणि त्यानं ती दुपारपर्यंत टिकवली. दुपारी त्यानं पुन्हा ऐकलं. यायाननं अलीकडेच घेतलेल्या गिटारच्या पेडलची घरघर त्यात स्पष्ट होती. आणि दुसरी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. त्या गाण्यात बास नव्हता.

“तो कधी असतो?” तो स्वतःशीच म्हणाला आणि हसला. पण ते हसू टिकलं नाही, कारण त्याच्या पैशाच्या पाकिटात एक घडी घातलेला कागद होता. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या आहेत, छाती उघडावी लागेल, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी सांगून दोन महिने झाले होते. हे फक्त त्याच्या बायकोला, एन्तिनला माहीत होतं. ती रोज विचारायची आणि तो रोज म्हणायचा, अल्बम झाला की लगेच.

३

पुढच्या गुरुवारी त्यानं नवी कॅसेट आणली आणि तिचं प्लास्टिक स्वतःच्या दातानं फाडलं. अजान झाली तेव्हा सगळ्यांच्या मागून निघाला. अॅम्प्लिफायरचे लाल दिवे विझलेले पाहिले. टेप चालू ठेवली. दाराला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून खाली बाकावर बसला.

“दाराला कुलूप कशाला?” यायाननं विचारलं. “तुझा बास चोरायला कोण येणार आहे?”

“आला तरी चोरीला गेला हे आपल्याला कळणार कसं?” ओदिंग म्हणाला, आणि एमा इचोहसुद्धा कढई ढवळता ढवळता खुदकन हसली. एंगकुसही हसला. सगळ्यांच्या हातात काळ्या कॉफीचे ग्लास होते, त्याच्या हातात कोमट पाणी. कॉफी एन्तिननं बंद केली होती.

घरी येऊन त्यानं स्वयंपाकघरातच टेप लावली. एकट्यानं ऐकायचा धीर होत नव्हता, हे खरं कारण. एन्तिन मासळी तळत होती. अजान झाली, चपला गेल्या, कुलपाचा खटका पडला. कढईची रटरट. बराच वेळ काही नाही. त्याला वाटलं, झालं, सुटलो.

खोकला. चार ठोके.

या वेळी आवाज जवळ होता, माइकच्या अगदी खाली बसून वाजवावं तसा. गाणं सावकाश चाललं होतं, आणि मध्यावर एकाएकी थांबलं. चार आवर्तनं कुणी काहीच वाजवलं नाही. फक्त एक पाय लाकडी जमिनीवर ताल धरून होता, टप, टप, टप, टप. मग तिघं एकदम पुन्हा आत आले.

एन्तिननं झारा बाजूला ठेवला होता. “हे कुठलं?”

“नवं आहे. कसं वाटलं?”

“तुमचं नेहमीचंच, घसा खरवडल्यासारखं.” ती टेपकडे बघत होती. “पण तुम्ही कुठं आहात यात, कांग?” नवऱ्याला ती कांग म्हणे.

“बास कुणाला ऐकू येतो, एन्तिन?”

“मला येतो,” ती म्हणाली. “बाकीचं मला सगळं सारखंच. लग्न झाल्यापासून मी तेवढंच ऐकत आलेय. मैदानावर वायर निघाली होती ना, त्या दिवशी घरी आल्यावर मी काय म्हटलं होतं? आज तुम्ही वाजवलं नाहीत.”

म्हटलं होतं खरं. त्या दिवशी तो रागावून न जेवता झोपला होता.

“यात तुम्ही नाही,” ती म्हणाली, आणि तेल करपायला लागलं तरी तिथंच उभी राहिली.

४

बँडला सांगणं भाग होतं. पुढच्या गुरुवारी त्यानं टेप मध्ये ठेवली आणि बटण दाबलं. आधी नंदांगला ही थट्टा वाटली. मग त्याचा स्वतःचा आवाज ऐकू आला आणि त्यानं चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. आयुष्यभर प्रेतं, पिशाच्चं आणि सडकी आतडी गायलेला हा माणूस हळूच सरकत यायानला चिकटून बसला.

यायानचं तोंड उतरलं होतं. “ही माझी धून आहे,” तो म्हणाला.

“मग कधी वाजवलीस?”

“वाजवलीच नाही अजून. पंधरा-वीस दिवस डोक्यात घोळतेय. स्कूटरवर, हेल्मेटच्या आत गुणगुणतो. घरीसुद्धा कुणाला ऐकवलेली नाही.”

“कुठल्या घरी?” ओदिंगनं विचारलं. सवय सवयीच्या जागी. मग तोही कान देऊन ऐकू लागला. “हा मी नाही,” शेवटी तो म्हणाला. त्याला भीतीपेक्षा अपमान जास्त वाटत होता. “हात माझा आहे, पण इतकं रेंगाळत मी जन्मात वाजवणार नाही. कुणीतरी म्हातारा वाजवतोय.”

“टेपचा पट्टा ढिला झाला असेल,” यायान घाईनं म्हणाला. “पट्टा ढिला झाला की सगळंच सावकाश होतं.”

तिघांनी ते पटकन पटवून घेतलं. एंगकुसही मान हलवत राहिला. पण पट्टा ढिला असता तर उयात मामाची अजानही ओढल्यासारखी यायला हवी होती, आणि ती तर जशीच्या तशी, रोजच्या पट्टीत होती. हे तो बोलला नाही.

“गाणं मात्र फक्कड आहे,” नंदांग थोड्या वेळानं म्हणाला. त्याचा घसा साफ झाला होता. “नऊ अल्बममध्ये असं झालं नाही. आपण ते घ्यायचं का?”

“दुसऱ्याचं कसं घ्यायचं?”

“दुसऱ्याचं कसं? आपलंच आहे. आधी वाजलं, मग बसवलं, एवढाच काय तो फरक.”

हसू फुटलं आणि खोलीत जरा हवा आली. मग यायाननं कॅसेट मागे फिरवून तो मधला थांबा पुन्हा लावला. टप, टप, टप, टप. “ही जागा कुणासाठी सोडलीय?” तो म्हणाला, आणि विचारता विचारताच सगळ्यांच्या माना एंगकुसकडे वळल्या. एवढा वेळ कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, की त्या गाण्यात तो नव्हता.

एंगकुसनं पाकिटातला कागद काढून जमिनीवर ठेवला.

पुढे बराच वेळ जी शिवीगाळ झाली, ती त्यांच्या कुठल्याही अल्बमवर नाही. नंदांगनं त्याला गाढव म्हटलं, मग गाढवाची क्षमा मागितली. ओदिंगनं काठ्या पिशवीत भरल्या आणि पिशवीची चेन ओढली. “तू बरा होऊन येईपर्यंत अल्बम बंद,” तो म्हणाला. “आणि वायर लावून यायचं.”

शनिवारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. त्याआधी एमा इचोहनं खाली कारखान्यातच केळीची पानं अंथरली, मसाल्यात शिजवलेल्या लिवेत भाताचं पातेलं त्यावर उपडं केलं आणि सगळ्या गल्लीला जेवायला बसवलं. खारी मासळी, ताहू, वांगी, ठेचा. एंगकुसपुढे मासळी येऊ नये म्हणून एन्तिन हातानं पहारा करत होती. त्यानं ओदिंगच्या पानावरून एक तुकडा उचललाच. भीती होती, पण तो आनंदात होता. इतकी माणसं आपल्यासाठी जेवायला बसली आहेत, ही गोष्ट काही रोज घडत नाही.

५

शस्त्रक्रिया नीट झाली. शुद्धीवर आल्यावर त्याला पहिल्यांदा दिसले ते ओदिंगचे केस, कारण ओदिंग त्याच्यावर ओणवा होऊन श्वास चालू आहे का ते बघत होता. नर्सनं त्या सगळ्या काळ्या कपड्यांच्या, गोंदवलेल्या माणसांना एकदा बाहेर काढलं, दोनदा काढलं आणि मग नाद सोडला. तिचा धाकटा भाऊ ‘आतड्यांचा उत्सव’चा भक्त निघाला.

नंदांग रोज यायचा आणि खाटेला लावलेला पथ्याचा कागद मन लावून वाचायचा. एक दिवस त्यानं कबूल केलं की नव्या गाण्याचे शब्द त्यानं तिथूनच उचलले आहेत. उकडलेला भोपळा, बिनमिठाचा भात, उकडलेला भोपळा, साय काढलेलं दूध.

“डेथ मेटलमध्ये भोपळा?” एंगकुसनं विचारलं. हसताना टाके ओढले गेले म्हणून त्यानं उशी छातीशी धरली.

“कुणाला कळतंय? तीस वर्षांत माझा एक शब्द कुणाला कळला असेल तर सांग.” गाण्याचं नाव ‘बिनमिठाचं’ ठेवलं होतं. “तुझ्यामागं तिघांनी बसवलं. मधली चार आवर्तनं तुझ्यासाठी मोकळी सोडलीत. नुसता ओदिंगचा पाय.”

एंगकुस त्या दिवशी पोटभर भोपळा जेवला. एवढीच होती तर गोष्ट. तो खाटेवर पडलेला, ते तिघं वर खोलीत वाजवताहेत, त्याची जागा मोकळी ठेवून. तेच टेपवर आधी उमटलं. कसं उमटलं ते त्याला माहीत नव्हतं आणि ते शोधायची हौसही नव्हती. बास नव्हता, कारण तो दवाखान्यात होता. छातीवरचा धोंडा उतरला, आणि तोही त्या छातीवरून, जिला त्या वेळी साधी चादर सोसत नव्हती.

नंदांगबरोबर आलेला ओदिंग निघता निघता म्हणाला, “तुझ्या त्या टेपपेक्षा आम्ही दुप्पट वेगानं घेतलंय बरं का. ते रेंगाळणं आपल्याला जमायचं नाही.”

एन्तिन संत्रं सोलत होती. तिनं मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. मग टेपवरचं ते सावकाश गाणं कधीचं? एंगकुसनं डोळे मिटून झोप लागल्याचं सोंग केलं.

६

तो परत आला तो दिवस गल्लीनं सणासारखा साजरा केला. उयात मामा मशिदीतून उठून आले आणि एमा इचोहनं जिन्याच्या कठड्याला केळीचा पाला बांधला. जिना चढायला त्याला बराच वेळ लागला. मागून नंदांग पाठीला हात लावून होता आणि पुढून ओदिंग प्रत्येक पायरीला शिवी देत होता. वर त्याच्या स्टुलावर नवी उशी होती. समोर भिंतीवर तडकलेली झांज. त्याची पाठ ड्रमकडे, नेहमीसारखी.

दोन जुनी गाणी झाली. बासचा पट्टा टाक्यांवर येत होता म्हणून तो त्यानं मांडीवरच धरला. टेप चालू होती, बटण त्यानंच दाबलं होतं. मग असरची अजान झाली आणि हात थांबले.

“तू उतरू नकोस,” यायान म्हणाला. “पुन्हा चढताना संध्याकाळ व्हायची. तुझं वर आणतो.”

तिघं खाली गेले. जिना करकरला, नंदांग कशावर तरी हसला. एंगकुसनं स्टुलावर बसूनच नमाज पढला. खिडकीतून दुपारचं चांगलं पिवळं ऊन येत होतं. खाली कढई रटरटत होती, ओदिंगची बोकडाची थाप इथपर्यंत ऐकू येत होती. त्यानं बास पुन्हा मांडीवर घेतला आणि तारांवरची धूळ पुसायला लागला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की टेप अजून फिरते आहे.

मागं कुणीतरी खोकलं.

अॅम्प्लिफायरचे लाल दिवे विझलेले होते. खाली ओदिंग बोलतच होता. आणि इथं, त्याच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर, काठ्यांचे चार ठोके पडले.

त्यानं मागं वळून बघितलं नाही. मानच वळेना. गाणं सुरू झालं ते टेपवर होतं तसंच, सावकाश. आता शब्द कळत होते. उकडलेला भोपळा, बिनमिठाचा भात. एका ओळीत नंदांगला दोनदा दम घ्यावा लागत होता. यायानचं बोट एका सुरावर अडखळलं आणि पुन्हा लागलं. जमीन हलत होती. नवीन शिवलेलं काळीज असं धडधडत होतं की टाके उसवतील असं त्याला वाटलं.

वळता येत नव्हतं, पण समोर झांज होती. पितळेत सगळं धूसर दिसतं. खिडकीचा चौकोन दिसला. त्याच्याजवळ कुणीतरी वाकून उभं होतं, आणि छातीवर रुळणारी दाढी कापसासारखी पांढरी होती. गिटारवाला खुर्चीत बसला होता आणि त्याच्या पायावर शाल होती. ड्रममागं एक डोकं वरखाली होत होतं आणि प्रत्येक ठोक्याला त्यावर ऊन चमकत होतं. त्या डोक्यावर एकही केस नव्हता.

मग एंगकुसनं स्वतःची जागा शोधली. स्टूल होतं. त्यावर उशी होती. स्टुलावर कुणी बसलेलं नव्हतं. त्याचा बास तिथं टेकवून ठेवला होता, नीट पुसलेला, आणि त्याच्यापुढे काळ्या कॉफीचा ग्लास होता, गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा. त्यातून वाफ निघत होती.

तो घाबरला. खोटं कशाला बोला, असा तो जन्मात घाबरला नव्हता, गुंगीचं औषध टोचलं तेव्हाही नाही. तो तिथं नव्हता. एन्तिनला बरोबर ऐकू आलं होतं. पण डोळे पितळेवरून हलेनात, आणि ते पुन्हा पुन्हा त्या दाढीकडे जात होते. इतकी पांढरी व्हायला दाढीला किती वर्षं लागतात? नंदांगची आज मिशीसुद्धा पिकली नव्हती. ओदिंगचं ते सगळं जंगल झडायला किती उन्हाळे जावे लागतील? ही माणसं ऐंशीच्या घरातली होती, पुढेच असतील. ऐंशीच्या घरात, शाली गुंडाळून, याच खोलीत, भोपळ्याचं गाणं वाजवत होती. भीती होती तिथंच होती, पण तिच्या शेजारी काहीतरी उकळी फुटून वर यायला लागलं, आणि ते हसू आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला.

गाणं थांबलं. एक पाय लाकडावर ताल देऊ लागला. टप.

त्याची बोटं आपोआप तारांवर गेली. वायर लावलेली नव्हती. तारांचा आवाज डासाइतकाच होता. त्यानं ती चार आवर्तनं वाजवली, एकही सूर न सोडता, जमेल तितकी चांगली.

मग मागून फाटक्या, म्हाताऱ्या आवाजात नंदांग म्हणाला, “आला. ऐकलंत ना? आला.”

आणि तिघं एकदम आत आले.

जिना करकरला तेव्हा खोलीत फक्त ऊन आणि फिरणारी टेप उरली होती. यायानच्या हातात ताहूची ताटली होती. नंदांग दारातच थबकला. “कुणाशी हसत होतास?”

“कुणाशी नाही.” एंगकुसनं डोळे पुसले. काळ्या कॉफीचा वास अजून खोलीत होता आणि वर कुणी कॉफी आणलेली नव्हती. ओदिंग सवयीप्रमाणे झांजेपुढे जाऊन केस सोडून विंचरायला लागला होता. एंगकुस त्याच्याकडे प्रेमानं बघत राहिला.

“विंचर,” तो म्हणाला. “सावकाश विंचर, लेका. घाई करू नकोस.”

“याला भुलीचं औषध जास्त झालंय,” ओदिंग आरशातूनच म्हणाला.

“चला, ‘बिनमिठाचं’ घेऊ. जरा हळू घ्या.”

“हळू? का, म्हातारे झालो का आपण?”

“नाही,” एंगकुस म्हणाला. त्यानं वाकून बासची वायर लावली आणि ती नीट बसली आहे ना, ते दोनदा ओढून पाहिलं. “अजून पुष्कळ वेळ आहे.”